बॅटरी काढण्याआधी

४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं.

माझ्या नव्या गॅरेजचं शटर अर्धं वर करून भाऊजींचे रंगाचे डबे भिंतीकडे सरकवत होतो, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं. तसं गेल्या आठवड्यात तिघं येऊन गेले, पण ते ओळखीचे होते आणि तिघेही पैसे नंतर देणार आहेत. म्हणून खरं पहिलं हेच.

करड्या रंगाची जुनी गाडी. एक बाई चालवत होत्या. शेजारी त्यांचे वडील बसले होते, मांडीवर टोपी घेऊन. रविवारी गाडी विकायची आहे. घेणाऱ्याची अट अशी की गाडीतला कंपनीचा कॅसेटवाला स्टिरिओ मूळचाच राहिला पाहिजे, पण त्यातून फोनवरची गाणी वाजली पाहिजेत आणि कुठे वायर लोंबकळता कामा नये. नाहीतर तो व्यवहार करणार नाही. बाई म्हणाल्या, "जमेल का? जमत नसेल तर आत्ताच सांगा. रविवारच्या पुढे मला चालणार नाही."

मी सांगितलं की तीन रस्ते आहेत. कॅसेटच्या आकाराची डबी घालायची, पण तिला वायरचं शेपूट असतं. रेडिओवरून वाजवायचं, पण त्यात खरखर येते. तिसरा रस्ता खरा. अशा स्टिरिओच्या पाठीला एक सॉकेट असतं, डिकीतल्या सीडीच्या डब्यासाठी. तिथे काडेपेटीएवढा ब्लूटूथचा बोर्ड जोडायचा. स्टिरिओला वाटतं की सीडीचा डबाच जोडलाय. सगळं डॅशबोर्डच्या आत, बाहेर काही दिसत नाही.

बोललो तेव्हा आवाज नीट निघाला. हे लिहून ठेवतो, कारण बहुतेक वेळा निघत नाही.

चार हजार पाचशे ठरले, हजार आगाऊ. बाकीचे रविवारी, काम बघून. त्यातले तीन हजार भाऊजींना जागेचं भाडं. भाऊजींना पुढच्या सोमवारी मोठं रंगकाम सुरू करायचंय. तोवर भाडं दिलं तर जागा माझी. नाही दिलं तर इथे त्यांचे डबे येणार आणि मी त्यांच्याबरोबर परांचीवर जाणार. सात मजली इमारत आहे. भाऊजी वाईट नाहीत. काल ताईसमोर म्हणाले, "चार पैसे रोख मिळतील त्याला. वर हवा पण चांगली असते." मी गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर परांचीच्या बांबूला मिठी मारून बसलो होतो, दोघांनी मिळून खाली उतरवलं. ते भाऊजी अजून चेष्टेत सांगतात. मला त्यात हसू येत नाही.

बाई गेल्या. त्यांना मी मॅडम म्हणतो. त्यांचे वडील मात्र गेले नाहीत. म्हणाले, "मी बसतो. बसायचे पैसे घेतोस का?" मी म्हणालो, नाही काका. "मग खुर्ची दे."

५ नोव्हेंबर, मंगळवार

काका पूर्वी गोदीत क्रेन चालवायचे. तीस वर्षं. गाडी त्यांची, कागद त्यांच्या नावावर. पण मॅडम त्यांना चालवू देत नाहीत. एका डोळ्याला कडेचं दिसत नाही आणि गेल्या महिन्यात त्यांनी फाटकाच्या खांबाला घासली. तरी पहाटे किल्ली घेऊन जायचे, म्हणून विकायची. हे मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाल्या, "मला हौस नाही हो. एक दिवस फोन येईल या भीतीने मी झोपत नाही." काका तेव्हा आरशात भांग पाडत होते, पण मला वाटतं त्यांना ऐकू गेलं.

काम सुरू करण्याआधी मी नियमाप्रमाणे विचारलं, "काका, स्टिरिओला कोड आहे का? काही स्टिरिओ बॅटरी काढली की कुलूप लावून घेतात. चार आकडे घातल्याशिवाय बोलत नाहीत."

काका म्हणाले, "कोड? अरे, ही गाडी घेतली तेव्हा चोरसुद्धा सभ्य होते."

"म्हणजे नाही ना?"

"बॅटरी काढ. बिनधास्त काढ. विजेशी खेळू नये."

मला बरं वाटलं. आधीच्या गॅरेजमध्ये बॅटरी काढतो म्हणून सगळे मला भित्रा म्हणायचे. मी बॅटरीची काळी वायर सोडवली. सायकलच्या चाकाच्या तारांचे दोन हुक करून स्टिरिओ बाहेर ओढला. पाठीला सॉकेट होतं, माझा अंदाज बरोबर. बोर्ड जोडला, फोमात गुंडाळला, पट्टीने बांधला. काकांनी टॉर्च धरला. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता, तसं मी म्हणालो. म्हणाले, "वीस टनाचा पेटारा सुताभर हलवायचो मी. टॉर्चचं काय घेऊन बसलास."

दुपारी बॅटरी जोडली. पडद्यावर अक्षरं आली: कोड.

बाकी काही नाही. कोणतंही बटण दाबलं तरी तेच. माझे कान गरम झाले. काका वाकून बघत म्हणाले, "अरेच्चा. होता वाटतं."

चूक माझी आहे. नीट विचारायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला बावीस वर्षांपूर्वीचं कसं आठवणार? मी काचेवर स्टिकर शोधायला हवा होता, गाडीचं पुस्तक मागायला हवं होतं. नववीत शाळा सोडली ती बहुतेक याच कारणासाठी: उत्तर मिळालं की मी पुढचं वाचत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

गाडीचं पुस्तक हरवलंय. काका म्हणतात बहुतेक घर बदलताना गेलं.

या जातीच्या स्टिरिओचं असं आहे: दोनदा चुकलं की तो तासभर थांबायला लावतो. असे एकूण दहा आकडे चुकले की कायमचा गप्प. मग देवसुद्धा त्याला बोलता करू शकत नाही.

काकांनी लग्नाचं साल सांगितलं. चूक. मुलीच्या जन्माचं. चूक. तास गेला. चहा झाला. गोदीतल्या क्रेनचा नंबर. चूक. घराचा जुना नंबर. चूक. मी प्रत्येक वेळी दाबायच्या आधी हात पुसत होतो आणि काका खुर्चीत रेलून गोदीच्या गोष्टी सांगत होते. एकदा म्हणे एक अख्खी मोटर जहाजातून उतरवताना त्यांनी मध्येच हवेत थांबवली, कारण तिचा मालक खाली उभा राहून रडत होता. "का थांबवली?" मी विचारलं. म्हणाले, "घाई कसली? त्याला डोळे पुसू दिले."

मला गोष्टी ऐकायला आवडल्या असत्या. पण लक्ष पडद्याकडे.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "झालं का?" मी म्हणालो, होतंय. हे खोटं नाही, पण खरंही नाही. काका समोरच बसले होते. त्यांनी मला अंगठा दाखवला, छान बोललास अशा अर्थाने.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी चार आकडे गेले. आठ झाले. आता दोनच उरले. नववा आकडा मी विचारायच्या आत काका स्वतःच म्हणाले, "बस. दोन राहू देत. आता धोका नको." माझ्या मनात तेच होतं. जबाबदार माणूस आहे.

कंपनीच्या शोरूमला फोन केला. त्यांच्याकडे स्टिरिओच्या नंबरावरून कोड मिळतो, पण मालकाने स्वतः यायचं, कागद दाखवायचे, सही करायची. उद्या सकाळी गेलं तर शनिवारी कोड. मला वाटलं, वाचलो.

मॅडमना मात्र सांगावंच लागलं. मी शब्द आधी कागदावर लिहून घेतले आणि मग फोन केला. त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "बाबांना कोड माहीत नाही?" मी म्हणालो, नाही, बिचारे खूप प्रयत्न करतायत. त्या म्हणाल्या, "उद्या मी सुट्टी टाकते. मी नेते त्यांना."

रात्री जेवताना भाऊजींनी माझ्या मापाचा सुरक्षा पट्टा आणून दाखवला. नवा आहे. म्हणाले, "तुझ्यासाठी मुद्दाम. आता बांबूला मिठी मारायची गरज नाही." ताईने तो उचलून कपाटाच्या मागे टाकला आणि आमटी वाढली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शोरूममध्ये सही जुळली नाही.

मॅडमनी येऊन सांगितलं. तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, कागदावर अशी नाही. काका म्हणाले, हात थरथरतो गं आता. मग तिने सांगितलं की बँकेकडून सही तपासून आणा. आजची बँकेची वेळ संपली, उद्या दुसरा शनिवार, म्हणजे सोमवारच.

मॅडम बोलत होत्या माझ्याशी, पण बघत होत्या काकांकडे. "बाबा, मागच्या आठवड्यात चेकवर सही केलीत की."

"तेव्हा हात बरा होता."

"आणि आज?"

"आज दमट आहे."

आज अजिबात दमट नव्हतं. पण म्हाताऱ्या हाडांना जास्त कळत असेल. मला त्यांची दया आली. मॅडम किल्लीची जुडी बोटात फिरवत उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "रविवारी अकराला तो माणूस इथेच येतोय. वाजलं तर गाडी जाईल. नाही वाजलं तर तो दुसरी बघेल, आणि मी तुम्हाला पैसे देणार नाही. सॉरी. तुम्हीच बॅटरी काढलीत."

खरंच आहे. मीच काढली.

त्या गेल्यावर काका म्हणाले, "ती रागावली की तिच्या आईसारखी दिसते." मी स्क्रू डबीत भरायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझे पैसे बुडतील का रे इंजिनियर?" मी म्हणालो, बघू. मला रडगाणं गायला आवडत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो, कारण आज बरंच झालं आणि काही गोष्टी मला अजून नीट समजलेल्या नाहीत.

सकाळी भंगार बाजारात गेलो. अपघातात चेपलेल्या एका गाडीत अगदी तसाच स्टिरिओ मिळाला. तीच कंपनी, तोच चेहरा, तीच बटणं. दुकानदाराने बॅटरी लावून दाखवला, कोड मागत नव्हता. दोन हजार म्हणाला, सोळाशेवर आला. पैसे ताईने दिले. तांदळाच्या डब्यातून काढून दिले आणि म्हणाली, "यांना सांगू नकोस."

मी तो बसवला. बोर्ड जोडला. माझा फोन लावला. वाजला. इंजिन चालू केल्यावर बारीक शिट्टी येत होती, वेग वाढवला की तीही चढायची. अर्थिंगची जागा बदलली, मध्ये एक फिल्टर टाकला, शिट्टी गेली. काम इतकं स्वच्छ झालं की मला ते कुणालातरी दाखवावंसं वाटलं.

आता लिहायला लाज वाटते ते. मी मॅडमना सांगणार नव्हतो. घेणाऱ्यालाही नाही. अट मूळचा स्टिरिओ ही होती आणि हा मूळचा नव्हता. पण चेहरा तोच, कोणाला कळणार, असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी काका आले.

दार उघडून ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, रोजच्यासारखे, हात स्टिअरिंगवर ठेवून. मग आवाजाच्या बटणाला बोट लावलं आणि लगेच काढलं. "हा माझा नाही."

मी विचारलं, कसं कळलं. म्हणाले, "माझ्या बटणाला डाव्या बाजूला खाच पडलीय. बावीस वर्षं एकाच बोटाने फिरवलंय." मग खालच्या आवाजात, "तू आणलास?"

मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं पण सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. भाडं, सोमवार, भाऊजींचे डबे, ताईच्या डब्यातले सोळाशे. "उद्या हा दाखवून पैसे घेतो. पकडला गेलो तर गेलो. नाहीतर परवा मला वर चढावं लागेल."

"वर कुठे?"

"परांचीवर. सात मजले."

"आणि तुला भीती वाटते."

"हो."

"किती?"

कोणी असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "खाली बघितलं की हात सुटतात. धरायचं म्हटलं तरी बोटं ऐकत नाहीत."

काका बराच वेळ समोरच्या काचेतून बघत होते. समोर फक्त शटर होतं. मग म्हणाले, "माझ्या हाताखाली एक पोरगा होता. त्याचीही बोटं ऐकायची नाहीत. त्याने मला सांगितलं होतं. मी म्हणालो, होईल सवय." मी पोराचं काय झालं ते विचारलं नाही.

मग त्यांनी चष्मा काढून रंगाच्या डब्यावर ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "हा काढ. माझा बसव."

"काका, दोनच संधी उरल्यात."

"बसव म्हणतो ना."

मी बसवला. सॉकेट नीट बसेना म्हणून डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा पडून मी वायर वर ढकलून धरली होती. पडद्यावर कोड हा शब्द आला असणार, कारण काका म्हणाले, "आला बघ. तू धरून ठेव." मी म्हणालो, "कोणता आकडा घालताय ते आधी सांगा, लिहून घेतो." मी डोळे घट्ट मिटले. वरून बटणांचे आवाज आले. टक टक टक, मग पुन्हा टक टक, अजिबात न अडखळता, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसे. मोजायला हवे होते. मी सगळं मोजतो आणि नेमके तेच मोजले नाहीत.

मग रेडिओ लागला. कोणीतरी बाई हवामान सांगत होती.

मी बाहेर आलो तेव्हा काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आठवला एकदम."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरून हलवत राहिलो. माणसाच्या डोक्यातून गेलेली गोष्ट त्याच्या बोटांत राहते असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं आहे. मी कागद आणला, म्हणालो, आकडा सांगा, नव्या मालकाला द्यावा लागेल. म्हणाले, "राहू दे. बॅटरी काढायची वेळ आली की मला बोलवा. मी येऊन घालीन."

मग फोन जोडला आणि विचारलं, कोणतं गाणं लावू. म्हणाले, "क्रेनच्या केबिनमध्ये आवाजच इतका असायचा की गाणं कधी ऐकलंच नाही. गाणं फक्त या गाडीत. कुठलंही लाव." मी लावलं. ते संपेपर्यंत त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. मग दुसरं लागलं, तेही पूर्ण ऐकलं. मी बाहेर उभा राहून नट आवळायचे पाने पुसत होतो. ते आधीच पुसलेले होते.

घरी ताईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आकडा घालताना त्यांनी चष्मा लावला होता?"

"नाही, डब्यावर होता."

"आणि अडखळले नाहीत."

"मुळीच नाही."

ताई भांडी विसळायची थांबली. तिने नळ बंद केला आणि मला म्हणाली, "उद्या त्यांना चांगल्या खुर्चीवर बसव."

मी म्हणालो, खुर्ची एकच आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

अकराला घेणारा आला. माझ्याच वयाचा. दात घासायच्या ब्रशने गाडीच्या जाळीतली धूळ काढत होता, म्हणजे गाडी चांगल्या हातात पडली. त्याचा फोन जोडून दिला. त्याने आवाज इतका मोठा केला की भाऊजी वरच्या घरातून खाली आले. काका म्हणाले, "ढबढब जास्त आहे. ते उजवं बटण कमी कर." त्याने केलं, तर खरंच चांगलं वाजलं.

मी त्याला सगळं समजावलं. शेवटी सांगितलं की कोड काकांकडेच आहे, बॅटरी काढली की त्यांना आणावं लागेल. तो हसला. "आणि नाही आले तर?" काका म्हणाले, "येईन. नंबर लिहून घे." त्याने घेतला. मॅडम वडिलांकडे बघत होत्या. मला वाटलं आता चिडतील, पण त्यांनी फक्त त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

मी बॅटरी तपासून सांगितलं की जुनी झालीय, थंडी वाढली की दगा देईल. काकांनी विचारलं, "कधीपर्यंत?" मी म्हणालो, दीड-दोन महिने. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "दीड की दोन?"

गाडी गेली. मॅडमनी पैसे मोजून दिले आणि शुक्रवारच्या बोलण्याबद्दल काही म्हणायला लागल्या, मी म्हणालो, नाही नाही, बॅटरी मीच काढली होती. काका तेव्हा टोपी शोधत होते. ती त्यांच्या हातातच होती.

भाऊजींना तीन हजार दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि म्हणाले, "म्हणजे डबे आता माझ्या खोलीत?" ताई म्हणाली, हो.

हिशेब.
आले: चार हजार पाचशे.
गेले: भाडं तीन हजार. ब्लूटूथचा बोर्ड सातशे. फिल्टर आणि वायर एकशे ऐंशी. भंगारातला स्टिरिओ सोळाशे. हा पडून आहे, विकला जाईल.
तूट: नऊशे ऐंशी.
देणे: ताईला सोळाशे, भाऊजींना न कळता. सुरक्षा पट्टा भाऊजींना परत.
देणे: नव्या मालकाची बॅटरी मेली की सगळ्यात आधी काकांना फोन. त्यांनी बजावून सांगितलंय की दिवस कोणताही असो, वेळ कोणतीही असो.